डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत

आमच्या घरापुढच्या वाटेवर माडाच्या खोडाला एक पत्र्याची पाटी बांधलेली असते. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे. ‘डॉल्फिन दर्शन. सकाळी ७ पासून. लाईफ जॅकेटची सोय.’ आणि त्याखाली, इतर ओळींपेक्षा मोठ्या अक्षरांत, ‘डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत.’ निदान गेल्या हंगामापर्यंत तरी असेच लिहिलेले होते.

पाटीवरील अक्षर माझे आहे. बारावीची परीक्षा संपली तेव्हा दादाने रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हाती दिला. आमच्या घरात बारावीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे घरात जे जे काही लिहायचे असते ते माझ्याकडे येते. रेशनकार्डाचा अर्ज असो, आत्याला पाठवायची बारशाची पत्रिका असो की ही पाटी. ‘शेवटची ओळ मोठी काढ, गिऱ्हाईक तीच वाचता,’ असे दादाने बजावले होते. मी ती मोठी काढली. त्या ओळीच्या बळावर त्या वर्षी गिऱ्हाईक आले, आणि त्या पैशांतून या महाविद्यालयातील माझी पहिल्या वर्षाची फी भरली गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते त्या ओळीच्या विरुद्ध आहे. लिहिणारी बाई काठावर उभी राहून होडीतल्यांना उपदेश करते आहे, असे कोणी समजू नये.

आमचे गाव मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर आहे. आमची जात गाबिताची, धंदा मासेमारीचा. आजोबा रापणीचे तांडेल होते. वडीलही रापणीवर गेले, पण त्यांच्या डोळ्यांदेखत रापणीला मासळी लागेनाशी झाली. मोठ्या यांत्रिक नौका, पर्ससीनची जाळी आणि रात्री समुद्रात दिवाळी करून मासळी गोळा करणारे एलईडीचे दिवे यांच्यापुढे किनाऱ्यावरून ओढायची रापण ती काय टिकणार? एलईडीच्या मासेमारीवर २०१७ साली केंद्र सरकारने बंदी घातली. बंदी कागदावर आली, पण गेलेली मासळी काही कागद पाहून परत येत नाही. दरम्यान १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता आणि हळूहळू किनाऱ्यावर पाहुणे येऊ लागले होते. दादाने कर्ज काढून फायबरची होडी घेतली, तिला इंजिन बसवले आणि मासळीऐवजी माणसे वाहू लागला. त्यात त्याचे काय चुकले? मला तरी काही चुकले असे वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात दादाच्या धाकट्या मुलीचे बारसे झाले. मुंबईहून आत्या, तिची सून आणि सात वर्षांचा नातू आला. नातवाने आल्या दिवसापासून एकच धोशा लावला, ‘मला व्हेल दाखवा.’ शाळेच्या पुस्तकात त्याने व्हेलचे चित्र पाहिले होते. दादा म्हणाला, ‘व्हेल नाय, पण डॉल्फिन दाखवतंय.’ मग सगळ्यांनीच जायचे ठरले. वहिनी तान्ह्या बाळाला घेऊन घरी राहिली. आजीने आधी नाही नाही म्हटले. ‘माका ह्या वयात होडयेत बसवतंस?’ असे म्हणत ती शेवटी बसली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की जिच्या नवऱ्याचा, मुलाचा आणि नातवाचा जन्म होडीवर गेला, ती माझी आजी आयुष्यात पहिल्यांदाच पाहुणी म्हणून होडीत बसत होती. बायकांनी किनाऱ्यावर थांबायचे, मासळी पाटीत घालून बाजार गाठायचा, आणि वादळ झाले तर समुद्राकडे तोंड करून हात जोडायचे, असाच आमच्याकडे रिवाज. मी स्वतःसुद्धा दादाच्या होडीत, पाटी लिहूनही, त्याआधी कधी फेरीला गेले नव्हते.

सकाळची वेळ होती. समुद्र तेलासारखा होता. खाडीचे मुख ओलांडून होडी बाहेर पडली. दादा उभा राहून पाणी न्याहाळत होता. थोड्या वेळाने आजीच आधी ओरडली, ‘गादे इले, गादे!’ डॉल्फिनला ती गादा म्हणते. पन्नास-साठ वावांवर तीन पाठी वर आल्या, करड्या, कण्याच्या मध्ये उंचवटा असलेल्या. फूस असा श्वासाचा आवाज ऐकू आला आणि त्या पाण्यात गेल्या. आत्याचा नातू उभा राहून टाळ्या पिटू लागला.

इथपर्यंत सगळे छान होते. त्यानंतर जे झाले ते दादाच्या मते रोजचेच, पण मी ते प्रथमच पाहत होते. आमची होडी थांबलेली पाहून दुसरी होडी आली. दोघींना पाहून तिसरी आली. बघता बघता सात होड्या जमल्या. डॉल्फिन जिकडे वर येत तिकडे सातही होड्या वेग वाढवून धावत. ते बुडाले की होड्या गोल फिरून वाट पाहत. ते पुन्हा वर आले की पुन्हा धाव. प्रत्येक होडीतून मोबाईल उंचावलेले, शिट्ट्या, आरोळ्या. एका होडीतला पाहुणा आपल्या होडीवाल्याला ओरडत होता, ‘अजून जवळ घ्या, फोटोत काहीच येत नाही!’ आमचा दादाही धावत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. मासळीच्या मागे जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर जो ताण असतो तोच तिथे होता.

असे चार-पाच वेळा झाल्यावर ते तीन डॉल्फिन आमच्या उजव्या हाताला अगदी जवळ वर आले. त्यांतल्या एकाच्या कुशीला चिकटून एक लहान पिल्लू होते. मोठ्याच्या आधी ते वर आले, घाईने श्वास घेतला आणि आईला लगटून बुडाले. दादाने होडी वळवली. आजी एवढ्या मोठ्याने बोलली की शेजारच्या होडीतल्यांनीही मान वळवली.

‘बंद कर ती मशीन! लेकुरवाळी असा ती. तिच्या पाठी लागतंस? घराकडे तुझी बायल बाळंतीण असा, तिच्या दारात कोणी ढोल बडवल्यान तर चलात तुका?’

दादा म्हणाला, ‘आजी, गिऱ्हाईक पैसे परत मागता. तेका काय सांगू?’

‘आज खंयचा गिऱ्हाईक? घरचीच माणसा असत होडयेत.’

दादाला उत्तर सुचले नाही. त्याने इंजिन बंद केले. बाकीच्या सहा होड्या डॉल्फिनच्या मागे निवतीच्या दिशेने गेल्या. आम्ही बराच वेळ तसेच तरंगत बसलो. मला वाटले होते की एखाद्या गोष्टीत होते तसे ते डॉल्फिन आपणहून आमच्याजवळ येतील. ते आले नाहीत. आत्याचा नातू रुसून बसला. परतताना कोणी फारसे बोलले नाही. सगळ्यांनी मिळून काढलेल्या फोटोंत पाणी आणि एक अस्पष्ट काळा ठिपका एवढेच आले होते.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पण त्या दिवसानंतर मी ग्रंथालयात बसून आणि आमच्या भूगोलाच्या सरांना विचारून जे समजून घेतले ते थोडक्यात सांगते. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुधा पाठीवर उंचवटा असलेला हिंदी महासागरातील डॉल्फिन. हा खोल समुद्रात जात नाही. काठाजवळच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखांशी त्याचा संसार असतो. म्हणजे जिथे आपल्या होड्या, आपली जाळी आणि आपली सांडपाण्याची गटारे, नेमके तिथेच. जगात ज्या प्राण्यांना नष्ट होण्याचा धोका आहे त्यांच्या यादीत तो आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, तेही काही वर्षांच्या अंतराने. ते दीर्घकाळ आईच्या दुधावर वाढते. डॉल्फिन हा मासा नव्हेच. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो आणि म्हणून त्याला पुन्हा पुन्हा वर यावेच लागते. आपण ज्याला ‘दर्शन’ म्हणतो ते खरे पाहता त्याचे श्वास घेणे आहे. सात होड्यांनी घेरून आपण त्याचे दर्शन घेत नाही, त्याचा श्वास अडवत असतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. गढूळ पाण्यात डॉल्फिन डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. तो आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढतो, मासळी शोधतो. आई आणि पिल्लू एकमेकांना आवाजाने धरून असतात. सात इंजिनांच्या गोंगाटात त्यांचे काय होत असेल? जत्रेत मुलाचा हात सुटल्यावर आईचे जे होते तेच. आजीला यातले काही शास्त्र ठाऊक नव्हते. पण बाळंतिणीच्या दारातला ढोल हे तिचे म्हणणे त्या शास्त्राहून फारसे वेगळे नाही.

आता कायद्याचे पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ मारणे असा नाही. प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे हेही त्या शब्दात येते. हे वाचून मी दचकले. माझा दादा शिकारी नाही. त्याने आयुष्यात कोणत्याही गाद्याला काठी लावलेली नाही. पण मी पाटीवर जी ओळ लिहिली ती त्याला रोज सकाळी पाठलाग करायला लावते.

कारण त्या ओळीचा हिशेब असा आहे. पैसे परत देण्याचे वचन दिले की डॉल्फिन ही विकलेली वस्तू होते. विकलेली वस्तू गिऱ्हाईकाच्या हाती पडलीच पाहिजे. ती दूर दिसली तर ‘हे काय दिसणे झाले?’ असे गिऱ्हाईक म्हणते. मग जवळ नेणे आले. शेजारच्या होडीवाल्याने अधिक जवळ नेले तर आपल्याला त्याहून जवळ जाणे आले. डिझेल जाळलेले असते, कर्जाचा हप्ता उभा असतो, तेव्हा एका होडीचे पैसे परत देणे म्हणजे दिवस बुडणे. यात होडीवाला दुष्ट नाही, पाहुणाही दुष्ट नाही. दुष्ट आहे ते वचन. जे आपल्या मालकीचे नाही ते दाखवण्याची हमी आपण देतो, आणि त्या हमीची किंमत तिसराच कोणी भरतो.

आत्याच्या नातवाला व्हेल हवा होता. व्हेल म्हणजे आपला देवमासा. तो दाखवणे दादाच्या हाती नव्हते, पण तो आपल्या समुद्रात नाही असे मात्र नाही. २०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याचे संशोधकांनी नोंदले. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांतला हा सर्वांत मोठा प्राणी, आणि तो आपल्या दारावरून जातो! त्याच वर्षी जून महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा येऊन पडला आणि मेला. शाळेच्या सहलीत रत्नागिरीच्या सागरी संशोधन केंद्राच्या संग्रहालयात मी देवमाशाचा सांगाडा पाहिला होता. त्याच्या फासळ्यांकडे पाहून मला उलट्या ठेवलेल्या होडीची आठवण झाली होती. आमच्या आजीच्या पिढीची माणसे समुद्रात देवमासा दिसला तर होडी थांबवून हात जोडत, असे तीच सांगते. नावातच देव आहे, मग पाठलाग कसा करणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू अडकले होते. ती हकीकत अनेकांना आठवत असेल. गावकरी, मच्छिमार, सरकारी खात्यांची माणसे असे सगळे त्याला वाचवण्यासाठी झटले. त्याच्या अंगावर पाणी शिंपडले, ओली कापडे घातली, दोरखंड लावून त्याला समुद्रात नेऊन सोडले. ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मेले. त्या दिवसांत आमच्या गावातही माणसे मोबाईलवर ती दृश्ये पाहून हळहळत होती. मला प्रश्न पडतो तो हा, की वाळूत पडलेल्या पिल्लासाठी ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते, त्याच माणसांना पाण्यात पोहणाऱ्या पिल्लामागे धावताना काहीच कसे वाटत नाही? दया फक्त असहाय प्राण्याचीच येते काय? जो अजून सुखात आहे त्याला सुखात राहू देणे, ही दयेची पहिली पायरी नव्हे काय?

याबाबतीत जग काही काळ आपल्यासारखेच वागले आणि मग थोडे शहाणे झाले. देवमाशांची शिकार इतकी झाली की १९७९ साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य ठरवले, आणि १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. देवमासे पाहण्याचा धंदा मात्र त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे १९५५ साली एका मच्छिमाराने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना देवमासे दाखवायला नेले. म्हणजे या धंद्याचा आरंभ करणाराही माझ्या दादासारखा एक मच्छिमारच. पुढे गर्दी वाढली तसे देशोदेशी नियम आले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे डॉल्फिनच्या ५० मीटरच्या आत होडी नेऊ नये. १५० मीटरच्या परिसरात एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या असू नयेत. आणि पिल्लू बरोबर असेल तर त्या परिसरात शिरूच नये. म्हणजे त्या सकाळी आमच्या आजीने जे सांगितले तेच तिकडे नियम करून छापले आहे.

आता आक्षेपांचा विचार करते. मी हा विषय वर्गात बोलून दाखवला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ‘मग बंदच करा ना हे डॉल्फिन दर्शन!’ हे मला मुळीच पटत नाही. बंद करा म्हणणाऱ्याच्या घरची चूल त्यावर पेटत नसते. रापण गेली, आता होडीही न्यायची, तर किनाऱ्यावरच्या माणसाने जायचे कुठे? मुंबईच्या चाळीत? शिवाय याला दुसरी बाजूही आहे. मेलेल्या डॉल्फिनचा कोणालाच उपयोग नाही, पण जिवंत डॉल्फिनवर ज्याचे पोट आहे तो त्याचा राखणदार होऊ शकतो. होऊ शकतो असे म्हणते, आपोआप होतो असे नाही. जाळ्यात सापडलेले डॉल्फिन किंवा कासव जाळे कापून सोडून दिले तर मच्छिमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आपल्या राज्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. मच्छिमारांनी जाळी कापली आणि प्राणी सोडले. ज्याचे जाळे हेच भांडवल, तो माणूस ते कापतो, तर तोच माणूस इंजिन बंद करणार नाही, असे कशावरून?

दुसरा आक्षेप दादाचा आहे आणि तो अधिक जड आहे. ‘मी एकट्याने थांबून काय उपयोग? बाकीचे सहा जातात. गिऱ्हाईक माझी होडी सोडून त्यांच्याकडे जाईल.’ हे खरे आहे. म्हणूनच हा एकेकट्याच्या पुण्याचा प्रश्न नाही, गावाने मिळून ठरवण्याचा प्रश्न आहे. आमच्या लोकांना मिळून ठरवणे नवे नाही. रापणीत किती माणसे, कोणाचा वाटा किती, कोणत्या दिवशी कोणाची रापण, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या गावाने ठरवले आणि पाळले. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा नियम कोणत्या सरकारने केला होता? मग डॉल्फिनजवळ एका वेळी तीनच होड्या, बाकीच्यांनी पाळी येईपर्यंत दूर थांबायचे, पुढून आडवे जायचे नाही, मागून पिटाळायचे नाही, पन्नास मीटरच्या आत इंजिन चालू ठेवून जायचे नाही, पंधरा मिनिटांत परत फिरायचे आणि पिल्लू दिसले की लगेच निघायचे, एवढे ठरवता येणार नाही काय? आणि सर्वांत आधी, सगळ्या पाट्यांवरून ती शेवटची ओळ एकाच दिवशी पुसली पाहिजे. सगळ्यांनी पुसली तर कोणाचेच गिऱ्हाईक कोणाकडे जाणार नाही.

पाहुण्यांनाही मला काही सांगायचे आहे, कारण या अंकाचे वाचक, माझे सहाध्यायी आणि गुरुजन, केव्हा ना केव्हा कुटुंबासह असे पाहुणे होतीलच. होडीवाल्याला ‘अजून जवळ’ म्हणू नका. तो तुमच्यासाठीच धावत असतो. तुम्ही ‘पुरे’ म्हणालात तर त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कोणाला होणार नाही, कारण त्याचे डिझेल वाचते. आपण पंढरपूरला जातो तेव्हा गर्दीमुळे कळसाचे दर्शन घेऊन परत फिरतो आणि वारी झाली असे मानतो. समुद्राच्या बाबतीत तेवढी श्रद्धा का नसावी? खाडीचे मुख, पाण्यात झेप घेणारे पक्षी, दूरवरच्या वेंगुर्ले रॉकवरचे दीपगृह, आणि नशिबात असेल तर दूरवर एक करडी पाठ, एवढे पाहिले तर ती सकाळ वाया गेली असे म्हणता येईल काय?

आणि आपल्या महाविद्यालयाचे काय? आपण कला शाखेचे विद्यार्थी, आपला डॉल्फिनशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. माझ्या मते आहे. किनाऱ्यावरची निम्मी मुले सुट्टीत होड्यांवर काम करतात. पाहुण्यांना नीट मराठीत, हिंदीत, जमल्यास इंग्रजीत समजावून सांगणारा कोणीतरी होडीत असला, तर पाहुणा नुसता फोटोसाठी अधीर होत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, त्याबरोबरच गावोगावच्या होडीवाल्यांची एक बैठक घडवून आणता येईल. आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आजी-आजोबांकडून समुद्राचे शब्द तरी लिहून घ्यावेत. ‘गादा’ हा शब्द माझ्या आजीबरोबर जाईल. दादा ‘डॉल्फिन’च म्हणतो. ज्याला आपण आपल्या भाषेत हाक मारत होतो, त्याला परक्या नावाने विकायला लागलो, तिथेच कुठेतरी हे सारे सुरू झाले असावे असे मला वाटते.

शेवटी पुन्हा त्या पाटीकडे येते. पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास पाटी नव्याने रंगवावी लागते. यंदाही दादाने डबा आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला. मी वरच्या सगळ्या ओळी लिहिल्या आणि थांबले. दादा येऊन पाहून म्हणाला, ‘एक ओळ रवली गो.’ मी म्हटले, ‘रवली नाय. मी ती लिवचंय नाय.’ तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘आणि तुझी फी कोण भरतलो?’

या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हते, आजही नाही. यंदा मी ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करते. त्यातून काही भागते, सगळे नाही. बाकीचे पैसे अजूनही त्या होडीतूनच येतात, आणि इतर होड्या धावतात तेव्हा दादाची होडीही अजून कधी कधी धावते, हे मला ठाऊक आहे. पण त्याने मला ती ओळ लिहायला लावली नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलीही नाही. पाटीवर खाली तेवढी जागा मोकळी आहे. वाटेने जाणारे काही पाहुणे पाटी वाचतात, ती ओळ न दिसल्याने पुढच्या पाटीकडे जातात. आजी ओटीवर बसून त्यांना जाताना पाहते आणि काही बोलत नाही.

त्या मोकळ्या जागेत काय लिहायचे ते मी ठरवून ठेवले आहे. ‘डॉल्फिन दिसल्यास इंजिन बंद ठेवले जाईल.’ दादा हो म्हणेल त्या दिवशी लिहीन. गावातल्या सगळ्या पाट्यांवर ते एकाच दिवशी लिहायचे ठरले, तर सगळ्या पाट्या लिहून द्यायला मी तयार आहे. अक्षराचे पैसे घेणार नाही.

(द्वितीय वर्ष, कला)